बोटांकडे बघायचं नाही

"बोटांकडे बघायचं नाही," मी म्हणाले. "समोर पडद्याकडे बघायचं, नाहीतर कागदाकडे. बोटांना त्यांची जागा हळूहळू कळत जाते."

"आणि नाही कळली तर?" मागून शालन कोतकरने विचारलं.

"तर चुकेल. चुकलं की पुसायचं आणि परत करायचं."

"बरंय की. आमच्या शॉपमध्ये चुकलं की मोटर जळायची," शालन म्हणाली आणि सगळ्या हसल्या. ज्या शॉपबद्दल ती बोलत होती, त्याला दोन आठवड्यांपूर्वी कुलूप लागलं होतं.

आम्ही बसलो होतो ते कारखान्याचं कॅन्टीन. जेवणाची टेबलं भिंतीला लावून त्यांच्यावर माझ्याच खात्यातले जुने कॉम्प्युटर मांडले होते. भिंतींतला कढीचा वास अजून गेला नव्हता. भोंगाही वेळेवर वाजायचा. तो बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

नगरच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना पंपाच्या मोटरी बनवायचा. मी तिथं प्लॅनिंग खात्यात होते. कुठल्या आठवड्यात कुठल्या मोटरी काढायच्या, त्यांना कुठली तार लागेल, कोणतं काम कोणत्या टेबलावर जाईल, याचा सगळा हिशोब आमच्या कॉम्प्युटरवर व्हायचा आणि शेवटी प्रत्येक कामाचं एक कार्ड छापून निघायचं. ती कार्डं घेऊन मी रोज सकाळी खाली वाइंडिंग शॉपमध्ये, म्हणजे मोटरींत तार भरायच्या विभागात, जायचे. म्हणून तिथल्या बायका मला कार्डबाई म्हणायच्या. माझं नाव प्रमिला गंधे आहे, हे त्यांच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल.

मग कारखाना विकला गेला. नवा मालक मोटरी बाहेरून तयार आणणार होता. इथं फक्त साठवण आणि पाठवणी. वाइंडिंग संपलं, त्याबरोबर माझं प्लॅनिंगही संपलं. नव्या स्टोअरमध्ये कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी करायला चार जागा निघणार होत्या, आणि जुन्या बायकांपैकी टायपिंगची परीक्षा पास होतील त्यांना त्या देऊ, असं युनियनबरोबर ठरलं होतं. शिकवायला मी. पुढे मी आयुष्यभर कॉम्प्युटर शिकवला, शाळांमध्ये, बँकेत, स्वतःच्या क्लासमध्ये. पण माझा पहिला वर्ग तो. त्या वर्गातली मथुरा भिंगारदिवे मला आज सगळ्यात जास्त आठवते.

मथुरा आणि जुबेदा शेख एकमेकींचा हात धरून यायच्या. शॉपमध्येही त्या एकाच टेबलावर होत्या. तिथली पद्धतच जोडीची होती. मोटरच्या लोखंडी गाभ्याला खाचा असतात, त्यांत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवायची. कुठलं वेटोळं कुठल्या खाचेत, टोक कोणत्या रंगाचं, हे कार्डावर छापलेलं असायचं. पण बसवणारीचे हात वार्निशने चिकट झालेले. तिनं कार्डाला हात लावला की कार्ड हातालाच यायचं. म्हणून एक बसवायची आणि दुसरी कार्ड वाचून पुकारायची. "तीन, लाल. सात, पिवळी." शॉपमध्ये शिरलं की भाजी बाजारात शिरल्यासारखं वाटायचं. मथुरा बसवायची, जुबेदा पुकारायची. दोघींच्या पोरी लहानाच्या मोठ्या झाल्या, तरी जोडी तीच राहिली.

कारखाना बंद पडायच्या आदल्या वर्षी एकदा मथुरा मला म्हणाली होती, "कार्डबाई, छपाईच्या मशीनची रिबन बदला की. अक्षर पुसट यायलंय."

मी दुसऱ्याच दिवशी नवी रिबन लावली. चांगली काळीभोर अक्षरं उमटली. आठवडाभराने ती पुन्हा म्हणाली, "बदलली नाहीत ना रिबन?"

"अगं, कालचं कार्ड बघ, किती ठळक आलंय."

तिनं कार्ड हातात घेतलं, जरा लांब धरलं, आणि म्हणाली, "हां. आलंय खरं." मला वाटलं, चेष्टा करतेय माझी. तेव्हापासूनच जुबेदा पुकारायला लागली असावी असं म्हणणार होते, पण तसं नाही. जुबेदा आधीपासूनच पुकारत होती. म्हणूनच तर पुढचं सगळं कोणाच्या लक्षात आलं नाही.

वर्गातही त्या जोडीनेच बसल्या. मथुरा कीबोर्डसमोर, जुबेदा शेजारच्या स्टुलावर, हातात सरावाचा कागद. मालाची नावं आणि नंबर इंग्रजीत होते. शॉपमध्ये वर्षानुवर्षं तीच अक्षरं बघितलेली, त्यामुळे ती सगळ्यांनाच ओळखीची होती.

"बी, ओ, एल, टी. जागा सोड. एम, आठ," जुबेदा पुकारायची.

मथुराची बोटं चालायची.

"मथे, एल सुटला. मागं ये."

"आले."

मी म्हणाले, "जुबेदा, तिची तिला करू दे. परीक्षेत कोण पुकारणार?"

"बाई, इतक्या वर्षांची खोड आहे आमची," जुबेदा म्हणाली. "कानात पुकारा पडल्याशिवाय हिचे हात हलत नाहीत आणि पुकारल्याशिवाय माझं तोंड बंद होत नाही. होईल हळूहळू."

कॉम्प्युटर कमी होते आणि बायका जास्त, त्यामुळे जोड्या पाडाव्या लागणारच होत्या. मी सोडून दिलं. शिवाय मथुराचा हात मला बघत राहावासा वाटायचा. पहिल्याच दिवशी तिनं कीबोर्डवरून सावकाश हात फिरवला आणि विचारलं, "बाई, ह्या दोन बटणांवर बारीक उंचवटा कशाला आहे?"

एफ आणि जे. बाकी कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. मी म्हणाले, "तर्जनी तिथं ठेवायची. हात उचलून परत ठेवताना जागा सापडावी म्हणून."

"चांगलं केलंय," ती म्हणाली. "बनवणारा शहाणा आहे."

दुसऱ्या आठवड्यात सगळ्या बायका माना खाली घालून एकेक अक्षर शोधत होत्या तेव्हा मथुराची मान सरळ होती. मी सगळ्यांना थांबवलं. "मथुराकडे बघा. एकदा तरी तिचं बोटांकडे लक्ष जातं का? असं बसायचं."

"तिला पुकारायला जोडीदारीण आहे शेजारी," शालन म्हणाली. "आमच्या नशिबी कोण?"

"तू आधी अंगठ्यावरचं नेलपॉलिश काढ," जुबेदा म्हणाली, "तेवढ्याच वजनाने तुझा हात खाली येतोय."

सगळ्या हसल्या. मथुराही हसली. शालनकडे बघून नाही, तिच्या जरा बाजूला बघून. तेव्हा मला तो तिचा लाजाळूपणा वाटला.

चहाच्या सुट्टीत मी तिच्याजवळ जाऊन बसले. मी बोलल्यावर तिनं मान वळवली. "कार्डबाई होय. मला वाटलं शालन."

"काय गं, कशी आहेस?"

"बाई, खरं सांगा. लागेन का मी?"

"तू नाही लागलीस तर कोण लागणार?"

तिनं कपातला शेवटचा घोट घेतला. "मला लागायलाच पाहिजे. नवरा गेल्यापासून मी भावाच्या घरी आहे. भाऊ चांगला आहे, वहिनी चांगली आहे. पण मी कामाला जाणारी बाई आहे म्हणून चांगली आहे. सकाळी डबा घेऊन निघते, संध्याकाळी येते. घरात बसले ना, तर आठ दिवसांत मी त्या घरची कोणीतरी वेगळीच होईन." मग कप खाली ठेवून म्हणाली, "पोरीचं लग्न या माघात ठरलंय. तिला सासरी सांगता आलं पाहिजे, आई कामाला जाते म्हणून."

जुबेदा शेजारी बसली होती. एरवी तिच्या तोंडाला खीळ नसायची, पण त्या वेळी ती कपाचा कान बोटाने घासत राहिली.

त्याच दिवशी मी मथुराला बक्षीस म्हणून खिडकीजवळचा कॉम्प्युटर दिला. तो सगळ्यात चांगला होता, पडदा मोठा, उजेड भरपूर. ती दारातून आत आली, भिंतीकडच्या तिच्या जुन्या जागेकडे सरळ गेली आणि तिथं दुसरीच कोणी बसलेली. मथुराचा हात तिच्या खांद्यावर पडला. "अगं, ही माझी जागा."

"मथुरा, तुला खिडकीशी दिलंय," मी म्हणाले.

"नको बाई." तिचा आवाज एकदम चिरका झाला. "मला माझीच जागा द्या."

"अगं पण उजेड..."

"उजेड नको मला!"

जुबेदा पुढे आली आणि माझ्यावरच चिडली. "बाई, दिवस किती राहिलेत? आत्ता कशाला जागा हलवता? शॉपमध्ये आम्ही कोणाला टेबल बदलायला लावत होतो का?"

मला वाईट वाटलं. पण बायका घाबरलेल्या होत्या. परीक्षा जवळ आली होती. मी तिला जुनी जागा परत दिली.

परीक्षेच्या सकाळी सगळ्या नेहमीपेक्षा बऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. कोणाच्या तरी आईने दह्याची वाटी पाठवली होती, ती सगळ्यांच्या हातांवरून फिरली. नव्या कंपनीकडून उदगीरकर नावाचे अधिकारी आले होते. वयाने तरुण, बोलायला मऊ. दुसऱ्या क्लासमधून चार कॉम्प्युटर भाड्याने आणवले होते, त्यामुळे प्रत्येकीला स्वतंत्र.

"ताई, दोघींच्या मध्ये एक जागा मोकळी ठेवा," उदगीरकरांनी सांगितलं. "कागद उलटा ठेवलाय. मी सांगितल्यावर सुलटा करायचा. बोलायचं नाही. एवढंच."

त्यांनीच बायकांना बसवलं. मथुरा भिंतीकडे, तिच्या जागेवरच. जुबेदाला त्यांनी पार खिडकीकडच्या रांगेत नेलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी हसून मान हलवली, म्हणजे घाबरू नकोस. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते घाबरणं नव्हतं, पण मला तेव्हा ते वाचता आलं नाही.

"करा सुरुवात."

कागद उलटल्याची सळसळ झाली आणि मग कीबोर्डची टकटक. कुठं भराभर, कुठं अडखळत. मी रांगांमधून फिरत होते. शालन जीभ दातात धरून बोटांकडे बघून टाइप करत होती. मी मथुराजवळ आले.

तिची मान सरळ होती. दोन्ही तर्जन्या एफ आणि जेवर. पडदा कोरा होता. कागद टेबलावर तसाच उलटा.

मी वाकून हळूच म्हणाले, "मथुरा, सुरू झालंय. कागद उलट."

तिचा डावा हात उचलला गेला, टेबलावरून सरकत गेला, एरवी चहाचा कप ठेवतात तिथपर्यंत. कागद उजवीकडे होता.

"बाई," ती इतक्या हळू म्हणाली की मला ओठ बघावे लागले. "कागद कोणत्या बाजूला ठेवलाय?"

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. डोळे माझ्याकडे होते. नितळ, काळे, चांगले डोळे. मी माझा हात त्यांच्यासमोर हलवला. पापणी लवली नाही.

मी टेबलाची कड धरली. मला काय करता आलं असतं, ते आजही मला सांगता येत नाही. मी कागद उलटून तिच्या हातात दिला, एवढंच केलं. आंधळ्या बाईच्या हातात मी कागद दिला.

आणि खिडकीकडून आवाज आला.

"बी, ओ, एल, टी. जागा सोड. एच, ई, एक्स."

जुबेदा. मोठ्याने, खणखणीत, शॉपमध्ये मशीनच्या वरून पुकारायची तशी.

मथुराची बोटं चालायला लागली.

"ताई, मनात वाचा," उदगीरकर म्हणाले.

"मनात वाचलं की मला टाइप होत नाही, साहेब. शॉपमधली खोड आहे. डब्ल्यू, ए, एस, एच, ई, आर. दुसरी ओळ. सी, एल, ए..."

"ताई, बाकीच्यांना त्रास होतोय."

"आम्हाला नाही होत," शालन म्हणाली. तिनं मान वर केली होती. ती एकदा जुबेदाकडे, एकदा मथुराकडे बघत होती. तिलाही कळलं होतं. एकेक करून कीबोर्ड थांबत गेले.

"एम, पी. जागा सोड. तीन, चार." जुबेदा स्वतः टाइप करतच नव्हती. तिचे हात कागदावर होते. तिचा पडदा कोरा राहिला होता आणि मथुराचा भरत होता.

उदगीरकर तिच्या टेबलाशी गेले. आवाज त्यांनी चढवला नाही. "हे बघा, ही शेवटची सूचना. आता बोललात तर मला तुमचं नाव काढावं लागेल. मला ते करायचं नाहीये."

"काढा," जुबेदा म्हणाली. "तिसरी ओळ. मथे, तिसरी ओळ. जी, ए, एस..."

टकटक थांबली. मथुराने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि वर धरले. वार्निशचे हात धुवायला जाताना बायका धरायच्या तसे, कशाला लागू नयेत म्हणून.

"जुबे, बस," ती म्हणाली.

"पुढचं घे. जी, ए..."

"बस म्हणते ना. बस." मग ती आवाजाच्या दिशेने वळली, उदगीरकरांच्या जरा बाजूला. "साहेब, तिचं नाव काढू नका. तिला येतं. चांगलं येतं. मला दिसत नाही. दिवाळीपासून काहीच दिसत नाही."

उदगीरकरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "सगळ्यांनी पहिल्यापासून सुरू करा. मी नवीन वेळ लावतो." आणि तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

जुबेदाने टाइप केलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. ओठ हलत होते, आवाज मात्र काढला नाही.

परीक्षा झाल्यावर आम्ही तिघी कॅन्टीनच्या मागच्या पायऱ्यांवर बसलो. मथुराने मला सगळं सांगितलं. काचबिंदू. आधी कडेचं जायला लागलं, मग कार्डावरची अक्षरं पुसट झाली. दवाखान्यात गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, आहे तेवढं सांभाळा. तिनं रोज थेंब घातले. दिवाळीत एका सकाळी उठली तर आहे तेवढंही नव्हतं.

"आणि तरी तू मोटरी भरत होतीस?"

"हाताला दिसत होतं की. आणि ही पुकारत होती."

"पण नोकरी लागल्यावर काय करणार होतात तुम्ही?"

यावर जुबेदाच बोलली. "चार जागा होत्या ना. दोघींनी लागायचं, टेबलं शेजारी मागायची. मी पुकारलं असतं." ती माझ्याकडे असं बघत होती, जणू यात न समजण्यासारखं काय आहे. "शॉपमध्ये कोणाला कळलं होतं का?"

ऑफिसात प्रत्येक जण एकटा बसतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

"मी नाही जाणार त्या नोकरीला," जुबेदा म्हणाली.

"जाशील," मथुरा म्हणाली. "नाही गेलीस तर मी हात उचलले ते कशाला?"

भोंगा वाजला. दोघीही सवयीने उठल्या. जुबेदाने हात पुढे केला, मथुराने तो धरला, आणि त्या फाटकाकडे चालत गेल्या. रोज जायच्या तशाच. इतके दिवस मी त्यांना तसं जाताना बघत होते.

जुबेदाला नोकरी मिळाली. शालनलाही. जुबेदा स्टोअरमध्ये निवृत्त होईपर्यंत होती. टाइप करताना पुटपुटते म्हणून शेजारचे लोक कुरकुर करायचे, असं मी ऐकलं.

मथुराच्या मुलीचं लग्न झालं. मी गेले होते. अक्षता टाकताना जुबेदा मथुराच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती. कोण आलंय, मुलगी कोणती साडी नेसलीये, मुंडावळ्या कशा दिसतायत. सगळं पुकारत होती.

त्यानंतर पावसाळा सरल्यावर मी भिंगारला तिच्या भावाकडे गेले. मथुरा मागच्या दाराशी बसून वाती वळत होती. समोरच्या ताटलीत वातींचा ढीग, सगळ्या एकसारख्या. वहिनीने चहा आणून दिला आणि मथुरासमोर तिला न सांगताच कप ठेवला. मथुराचा हात हवेत थोडा वेळ शोधत राहिला. मी कप तिच्या हातात दिला.

"अजून शिकवता का, बाई?"

"शिकवते. आता गावात क्लास काढलाय. पोरी येतात कॉलेजच्या."

"त्यांनाही सांगता का, बोटांकडे बघायचं नाही?"

"सांगते."

ती हसली. पूर्वीसारखीच, माझ्या जरा बाजूला बघून.

"बघू द्या की त्यांना," ती म्हणाली. "दिसतंय तोवर बघू द्या."

पुढल्याच वर्षी ती गेली. तापाचं निमित्त झालं, म्हणे. जुबेदाचा निरोप मला उशिरा मिळाला.

मी त्यानंतर पुष्कळ वर्षं शिकवलं. नियम तोच राहिला. पुस्तकात तोच होता आणि परीक्षेतही तोच. पण वर्गात एखादी पोर मान खाली घालून बोटांकडे बघताना सापडली, आणि मी आले म्हणून दचकून वर बघायला लागली, की मी काही न बोलता पुढच्या टेबलाकडे जायचे.